पुळण, वहाळ आणि जेटी: एका वर्षाच्या कामाच्या नोंदी

9 जून 2024, रविवार

आजपासून वहीत लिहायचं ठरलं. जागा दापोली तालुक्यातली, हर्णैच्या उत्तरेला. खाडीच्या मुखापासून सुरूबन संपतं तिथपर्यंतची अंदाजे सहाशे मीटर पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. माणसं पाच: बचत गटातल्या दोघी, शाळेचे गुरुजी, गावातला कासवमित्र आणि मी.

गेली चार वर्षं आम्ही किनारा साफ करतोय. दर वेळी गोण्या भरल्या, फोटो काढले, चहा-पोहे झाले, आणि पुढच्या उधाणाला पुळण होती तशी. दोन वर्षांपूर्वी कचरा न्यायला गाडी मिळेना म्हणून सुरूच्या मागे खड्डा खणून गोण्या पुरल्या. गेल्या आषाढात लाटांनी ती कड खाल्ली आणि आम्हीच भरलेल्या गोण्या फाटून पाण्यात गेल्या. ते बघून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. म्हणून यंदा आधी मोजायचं. काय येतं, कधी येतं, कुठून येतं, ते कळलं की मग पुढचं.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 साली वेळासला कासवाची अंडी राखायला सुरुवात केली. तिथून ते काम किनाऱ्यावरच्या गावागावांत पोचलं, आमच्याकडेही. ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वर येतात. अंडी आता सुरक्षित असतात. पण पिल्लू ज्या पाण्यात शिरतं त्या पाण्याकडे आम्ही कोणी बघत नव्हतो.

23 जून 2024, रविवार

वटपौर्णिमेचं उधाण उतरलं. शंभर मीटरचा एक पट्टा कायमचा ठरवला, दोन्ही टोकांच्या सुरूंना पांढरा पट्टा मारला. दर पौर्णिमा-अमावास्येनंतर त्याच पट्ट्यातला एकूण एक तुकडा उचलायचा आणि शाळेच्या पडवीत वेगळा करून मोजायचा.

चार तास लागले. मला वाटलं होतं पिशव्या आणि बाटल्या जास्त निघतील. निघाले दोरीचे तुकडे. हिरवे, निळे, नारिंगी, बोटभर लांबीचे, काही तर शेवग्याच्या शेंगेएवढे. मोजलेल्या वस्तूंतल्या निम्म्याच्या आसपास जाळ्याच्या आणि दोरीच्याच निघाल्या. मग बाटल्यांची झाकणं. मग गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचे गोळे, चपला, औषधांच्या बाटल्या, दुधाच्या पिशवीचे कापलेले त्रिकोणी कोपरे. वेफर्सचं एक पाकीट मिळालं, रंग उडालेला, पण किंमत वाचता येत होती: अडीच रुपये. अडीच रुपयांना वेफर्स मिळायचे त्याला किती वर्षं झाली असतील! पाकीट मात्र अजून फाटलेलं नाही.

7 जुलै 2024, रविवार

पाऊस धो धो. पुळणीवर डांबराच्या गोळ्या आल्यात, दर पावसाळ्यात येतात. पायाला लागल्या की रॉकेलशिवाय निघत नाहीत. प्लास्टिकला चिकटल्या की तो तुकडा भंगारवाला घेत नाही.

गुरुजींनी आज एक गोष्ट समजावली ती लिहून ठेवते. झाकणं इतकी आणि बाटल्या कमी, असं का? शीतपेयाच्या बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पीईटी, पाण्यापेक्षा जड असतं. झाकण घट्ट असेल तर आतल्या हवेवर बाटली तरंगते, झाकण गेलं की भरते आणि बुडते. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, ते हलकं, म्हणून किनाऱ्याला लागतं. याचा अर्थ प्रत्येक सुट्या झाकणामागे एक बाटली कुठेतरी तळाला आहे. किनारा साफ दिसला म्हणजे समुद्र साफ झाला असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

दुसरं, वहाळ, म्हणजे गावातला ओढा. पुलावर छत्री धरून अर्धा तास उभी राहिले. बाजारपेठेतून येणाऱ्या पाण्याबरोबर पिशव्या, नारळाच्या करवंट्या, पुड्या, एक अख्खी प्लास्टिकची खुर्ची. इतके दिवस गावात सगळ्यांचं म्हणणं, हा कचरा मुंबईचा. काही असेलही. पण ही खुर्ची मुंबईहून आलेली नव्हती.

14 जुलै 2024, रविवार

वहाळावर तरंगता अडसर बांधला. माणग्याचे बांबू, जुन्या जाळ्याच्या बोया, खाली फूटभर जाळी. पुलाच्या खालच्या अंगाला, काठापासून काठापर्यंत सरळ आडवा. संध्याकाळपर्यंत दोन गोण्या कचरा अडला. सगळे खूश.

21 जुलै 2024, रविवार

अडसर गेला. काल रात्रीच्या पावसात बांबू मधोमध मोडले. एक तुकडा खाडीत मिळाला, बाकीचा समुद्रात. कचरा अडवायला गेलो आणि बोया, जाळी, दोरी आपल्याच हातानं आत सोडली. चूक माझी. पाण्याचा सगळा जोर मधे येतो हे लहानपणापासून बघितलंय, तरी आडवाच बांधून घेतला.

28 जुलै 2024, रविवार

ही नोंद लांब होणार.

सकाळी जेटीवर गेले. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते, त्यामुळे होड्या रंगवणं आणि जाळी दुरुस्त करणं जोरात. शेडमध्ये ओळीनं दहा-बारा माणसं बसलेली. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवायचं, ताणायचं, फाटलेला भाग कापायचा, सुईनं नवे डोळे भरायचे. प्रत्येक गाठीला दोऱ्याचं शेपूट उरतं, ते कोयतीनं कापायचं. शेपूट खाली पडतं. दिवसाला एका माणसाच्या पुढ्यात अशी किती शेपटं पडत असतील? त्यांच्यातल्या एका चाचांच्या शेजारी बसून मी एका तासात मोजली. दोनशेच्या वर गेल्यावर सोडून दिलं. शेडची फरशी उतरती, पाऊस आत आला की सगळं थेट धक्क्याखाली.

आमच्या पट्ट्यातले बोटभर तुकडे म्हणजे हेच. हिरवे, निळे, नारिंगी.

चाचांना पिशवीतले तुकडे दाखवले. त्यांनी हातात घेऊन उलटेसुलटे बघितले. म्हणाले, "हा आमचाच. हा पण." मग जरा वेळानं, "पण वहिनी, खाली पडलेलं वेचायला कोण बसणार? बंदी उठायला तीन दिवस राहिले. इथं मान वर करायला फुरसत नाय."

खरंच होतं. कचरापेटी ठेवली असती तर ती कोपऱ्यात राहिली असती. बाजूला खतांच्या रिकाम्या गोण्या होत्या. एक गोणी अर्ध्यावर कापली, तोंडाला बांबूची कडी शिवली आणि चाचांच्या डाव्या गुडघ्याजवळ खुंटीला लावली, कापणारा हात जिथे येतो तिथे. कापलं की तुकडा आपसूक आत पडतो, वाकायला नको. दुपारी जेवून परत गेले तर आणखी तिघांनी मागितली. घरी येऊन मी आणि माझ्या वहिनीनं रात्री अकरा गोण्या शिवल्या.

4 ऑगस्ट 2024, रविवार

नवा अडसर. जागा बदलली: पुलापासून खाली, जिथे वहाळ वळण घेतो आणि पाणी संथ होतं. बांबू तिरका, एक टोक वर आणि एक खाली, म्हणजे कचरा वाहत येऊन काठाच्या कोपऱ्यात गोळा होतो आणि काठावर उभं राहून काढता येतो. खालची जाळी वीतभरच, मासे मोकळे जातात. एका टोकाची दोरी मुद्दाम कच्ची. पूर आला तर ती तुटेल, अडसर दुसऱ्या टोकावर फिरून काठाला लागेल, मोडणार नाही. ही कच्च्या दोरीची युक्ती तांडेलकाकांची, तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख.

19 ऑगस्ट 2024, सोमवार

नारळी पौर्णिमा. नारळ अर्पण झाले. गुरुजींनी मुलांना घेऊन अडसर रिकामा केला. एका पुरात कच्ची दोरी तुटली होती, तासाभरात परत बांधली.

12 सप्टेंबर 2024, गुरुवार

गौरी-गणपती विसर्जन. चाकरमानी आलेले, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. महाराष्ट्रात 2018 च्या मार्चपासून थर्माकोलवर बंदी आहे आणि त्याचा फरक दिसतो. मखरं कापडाची, पुठ्ठ्याची, गणपतीवर टांगायच्या माटवीला रानातली फळं-पानं पूर्वीसारखीच. खोड होती निर्माल्याची. निर्माल्य पिशवीत आणतात आणि पिशवीसकट सोडतात. आम्ही टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलो. "निर्माल्य द्या, पिशवी घरी न्या" एवढंच म्हणायचं. वाद एकानंही घातला नाही. एक आजी म्हणाल्या, "बाय, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं." रात्री घरी आल्यावर पाय सुजले होते, पण पट्ट्यात एकही निर्माल्याची पिशवी नाही.

21 सप्टेंबर 2024, शनिवार

सप्टेंबरचा तिसरा शनिवार, आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन. बाहेरून पाहुणे आले, मदत झाली. आमचा मोजणीचा पट्टा त्यांच्याकडूनही साफ झाला, त्यामुळे या पंधरवड्याची मोजणी गेली. पुढच्या वेळी आधी दोरी लावायची.

13 ऑक्टोबर 2024, रविवार

किनारा एका दिवसात साफ करून देतो म्हणून एकानं ट्रॅक्टर देऊ केला. हेतू चांगला, तरी नको म्हटलं. ट्रॅक्टर प्लास्टिकबरोबर मर्यादवेलही ओढतो आणि वाळू दाबून टाकतो. कासविणीला घरटं खणायला भुसभुशीत वाळू लागते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल चंबूसारखा खड्डा करते ती. आणि मर्यादवेल गेली की वाळू धरून ठेवणारं दुसरं काही नाही. हातानं वेचायचं. लाकूड, शेवाळ, शिंपले आहेत तिथेच राहू द्यायचे, चिखल्या पक्षी त्यातच किडे शोधतात.

आज वाळू चाळताना साबुदाण्यासारखे पांढरे दाणे मिळाले, मूठभर. वहिनी म्हणाली माशाची अंडी असतील. दाबून बघितले, फुटले नाहीत. हा प्लास्टिकचा कच्चा माल, कारखान्यात वितळवून वस्तू करतात तो. 2021 साली कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळलं तेव्हा श्रीलंकेचे किनारे याच दाण्यांनी पांढरे झाले होते. आमच्याकडचे कुठून आले कळायला मार्ग नाही. मासे आणि पक्षी खाणं समजून गिळतात. चाळणीशिवाय निघत नाहीत, तेव्हा दर मोजणीला चाळणी.

24 नोव्हेंबर 2024, रविवार

पहाटे कासवमित्राचा फोन. खाडीच्या मुखाजवळ कासवीण अडकलीय.

पोचले तेव्हा उजाडत होतं. जाळ्याचा मोठा गुंडा, आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढा, आणि त्यात ती. पुढचा उजवा पाय आणि मान आत. तंगूस, म्हणजे जाळ्याचा बारीक नायलॉनचा धागा, मांसात रुतलेला, दिसतसुद्धा नव्हता, फक्त कातडी दोन्ही बाजूंना फुगून वर आली होती. ती श्वास घ्यायला डोकं वर करायची तेव्हा फुस्स असा आवाज व्हायचा. मी डोक्यावर ओलं फडकं धरून बसले. कासवमित्रानं कोयती बाजूला ठेवली आणि बोथट टोकाची कात्री घेतली. आधी मान मोकळी केली. मग पायाजवळ एकेक धागा नखानं उचलायचा, खाली कात्रीचं टोक सरकवायचं, कापायचा. चाळीस मिनिटं लागली. शेवटचा धागा निघाला तेव्हा रक्त आलं, आणि तिनं पाय हलवला.

वनविभागाची माणसं आली, जखम धुतली, तपासली. पाय चालतोय म्हणाले. संध्याकाळी भरतीला सोडली. थांबली नाही, सरळ गेली.

1 डिसेंबर 2024, रविवार

तो गुंडा टेम्पोत घालून जेटीवर नेला. चाचा आणि तांडेलकाका त्याच्यावर तासभर बसले. आम्ही अक्षर वाचतो तशी ते गाठ वाचतात. डोळ्याचं माप, दोऱ्याची जाडी, कडेच्या दोरीची वीण, बोयाचा आकार. एकूण पाच वेगवेगळी जाळी निघाली. एक इथल्याच होड्यांचं असावं असं दोघांचं मत, दोन मोठ्या ट्रॉलरची, दोन ओळखू आली नाहीत.

गुंडा तरंगत कसा राहिला तेही कळलं. तंगूस नायलॉनचा, तो बुडतो. ट्रॉलरची हिरवी दोरी पॉलिथिनची, ती तरंगते. हिरवीनं तंगूसाला धरून ठेवलं होतं. हरवलेलं जाळं मासे धरायचं थांबवत नाही. धरलेला मासा मरतो, त्याला खायला दुसरा येतो, तोही अडकतो.

चाचा म्हणाले, "मुद्दाम कोण टाकतो जाळं? हजारोंचा माल असतो. खडकात अडकलं, दुसऱ्या बोटीनं तोडलं, की गेलं." हे मला महत्त्वाचं वाटतं. मच्छीमाराकडे बोट दाखवून हे काम पुढे जाणार नाही. सरकारची एक योजना 2018 च्या अखेरीपासून चालू आहे: जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमासा असे संरक्षित प्राणी आले आणि मच्छीमारानं जाळं कापून सोडले तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जेटीवरच्या तरुण खलाशांपैकी बऱ्याच जणांना अर्ज कसा करायचा ठाऊक नव्हतं. गुरुजींनी अर्जाचा नमुना आणि लागणाऱ्या फोटोंची यादी शेडमध्ये लावली.

2 डिसेंबर 2024, सोमवार

बातमी वाचली. दक्षिण कोरियात बुसानला प्लास्टिकच्या जागतिक करारासाठी भरलेली बैठक करार न होताच संपली. प्लास्टिक बनवण्यावरच मर्यादा घालायची का, यावर अडलं. वाईट वाटलं. आम्ही खालच्या टोकाला गोण्या भरतोय, वरची तोटी मोकळीच.

29 डिसेंबर 2024, रविवार

मोजणीत बदल दिसतोय. बोटभर दोऱ्या कमी झाल्या, साधारण जूनच्या अर्ध्यावर. एका वर्षावर भरवसा ठेवता येत नाही, कारण बंदीचे दोन महिने गेले आणि आता कोणी जाळी दुरुस्त करत नाही. पुढच्या जूनशी ताडून बघायचं.

आज मल्याळम लिपीतल्या दोन बाटल्या मिळाल्या. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटा, उत्तरेकडे. शिवाय एक परदेशी बाटली, बहुधा जहाजावरची. मार्पोल करारानं जहाजावरून प्लास्टिक टाकायला 1988 च्या अखेरीपासून बंदी आहे, पण भर समुद्रात बघायला कोण जातंय.

18 जानेवारी 2025, शनिवार

आमच्या सहाशे मीटरमध्ये घरटं! पहाटे कासवमित्राला पाऊलखुणा दिसल्या. भरतीरेषेपासून वर, मर्यादवेलीच्या कडेला, बरोबर त्या जागी जिथून नोव्हेंबरात आम्ही गोण्यांनी दोऱ्या काढल्या होत्या. 112 अंडी, हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या जागेत, हलवली. खुणांशेजारी तिनं आधी एक खड्डा अर्धवट सोडलेला होता. त्यात हात घातला तर पिशवीचा तुकडा लागला. वरवर साफ होतं, खाली राहिलं होतं. त्यामुळे सोडला का, हे कसं सांगणार. उद्यापासून वरच्या पट्ट्यात हातभर काठी खुपसून बघायचं.

26 जानेवारी 2025, रविवार

ग्रामसभा. दोन विषय मांडले.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, नुसती चीर द्यायची. सुटा कोपरा वहाळात जातो, पिशवीला लटकलेला कोपरा पिशवीबरोबर भंगारात जातो. हा विषय पाच मिनिटांत मंजूर. बायकांनी तर आधीच सुरू केलंय.

दुसरा, घरगुती निवासवाल्यांनी अर्ध्या लिटरच्या बाटल्या ठेवायच्या नाहीत, वीस लिटरचा जार आणि तांब्या-भांडं. यावर तासभर खडाजंगी. माझंही निवासाचं घर आहे, मी गेल्या दिवाळीपासून बाटल्या बंद केल्यात, पाहुणे कमी झाले नाहीत. तरी सगळे तयार नाहीत. नऊ घरांनी हो म्हटलं, बाकीची मे महिन्याचा हंगाम बघून ठरवतील. सरपंचांनी सुक्या कचऱ्यासाठी शाळेमागची शेड दिली, हे मोठं काम झालं.

10 मार्च 2025, सोमवार

एक्कावन्नाव्या दिवशी पिल्लं वर आली. संध्याकाळी सोडायच्या आधी आम्ही सगळ्या जणी ओल्या वाळूपर्यंतची वाट हातानं वेचत गेलो. पिल्लू तळहातात मावतं, त्याला बाटलीचं झाकण म्हणजे भिंत. एक पिल्लू गाडीच्या चाकोरीत उतरलं आणि बाहेर येईना. किनाऱ्यावर गाड्या आणू नका म्हणून फलक लावलाय, तरी चाकोरी होतीच. आम्ही हातानं ती भरून सपाट केली.

20 एप्रिल 2025, रविवार

गुहागरची बातमी जेटीवर वाचून दाखवली. ओडिशात 2021 साली टॅग लावलेली कासवीण जानेवारीत गुहागरला अंडी घालून गेली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात! चाचांनी दोनदा वाचायला लावलं.

26 मे 2025, सोमवार

पाऊस फार लवकर आला, मे संपायच्या आत. अडसर तयार नव्हता. काल दिवसभर भिजत बांधला, तरी पहिलं पाणी वाहून गेलंच, आणि पहिल्या पाण्यातच वर्षभराचा साचलेला कचरा असतो. पुढच्या वर्षी 10 मेच्या आत अडसर लागलाच पाहिजे. लाल शाईनं लिहिलंय.

कोचीजवळ काल एमएससी एल्सा 3 हे जहाज बुडालं, सहाशेवर कंटेनर होते. काहींत तेच प्लास्टिकचे दाणे आहेत म्हणतात. आता प्रवाह दक्षिणेकडचा, त्यामुळे ते आमच्याकडे येतील असं वाटत नाही. तिकडच्या किनाऱ्यावरच्या माणसांसाठी जीव तुटतो. आमच्या चाळणीतले दाणे वेगळ्या डबीत ठेवून तारीख घातली, म्हणजे हिवाळ्यात प्रवाह फिरला की ताडून बघता येईल.

1 जून 2025, रविवार

बंदी सुरू. होड्या वर ओढल्या. सकाळी गोण्या घेऊन शेडमध्ये गेले तर खुंट्यांना आधीच गोण्या लावलेल्या, कडी बांबूऐवजी जाड तारेची. चाचांच्या पुतण्यानं शिवल्या होत्या. मी नेलेल्या अकरा परत आणल्या, त्या अडसराजवळ लागतील.

फरशीचा उतार अजून तसाच आहे. धक्क्याच्या कडेला वीतभर उंचीचा कठडा घालायला दोन पोती सिमेंट आणि एक दिवस पुरेल. तांडेलकाका बुधवारी गवंडी बघतो म्हणालेत.